मुखडा कुणाच्या अंगणाकडे

शनिवार, ४ मे

आज मी डॅन्यूबच्या काठी मुक्कामाला असणार होते. आहे एर्लाबाखच्या मठात, पाहुण्यांच्या खोलीत, आणि त्याला कारण पाठीवर बाथटब घेऊन चाललेला एक माणूस. असा माणूस रस्त्यात दिसल्यावर त्याच्या मागं न जाणारी माणसं कशी असतात मला ठाऊक नाही. टब त्याच्या गाईंना पाणी प्यायला होता, एवढंच निघालं. पण तोवर माझा फाटा मागं राहिला होता आणि समोर टेकडीवर हा मठ: पिवळा, लांबच लांब, वर दोन मनोरे, कुणीतरी लग्नाचा केक डोंगरावर विसरून गेल्यासारखा. म्हटलं, आलोच आहोत तर बघून जाऊ. आई म्हणते, बुर्गी, हे 'आलोच आहोत तर' तुझ्या थडग्यावर कोरून घेऊ.

दार फादर आमांडनी उघडलं. पाहुण्यांचं सगळं तेच बघतात. उंच, वाळलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"किती रात्री?"

"एकच."

"प्रार्थनेला यायची सक्ती नाही," ते म्हणाले. "पण सूप प्रार्थनेनंतर मिळतं. आणि भाजीच्या वाफ्यांत तण माजलंय, पैसे नसतील तर."

"नाहीत."

"वाटलंच. बूट बाहेर."

खोलीत पलंग, क्रूस, पाण्याचा जग. खिडकीतून पश्चिमेला नाशपातीच्या जुन्या झाडांची रांग दिसते आणि रांगेच्या टोकाला एकटंच एक चौकोनी घर. फुलं गळून गेलीत, तरी काय झाडं! ज्यानं लावली त्यानं नातवंडांसाठीच लावली असणार. कितीतरी वेळ बघत बसले. आमच्या घरी, माझ्या खोलीत, आता आईच्या नवऱ्याची व्यायामाची सायकल असते.

उद्या निघायचं.


रविवार, ५ मे

निघाले नाही. मिस्साला, म्हणजे सकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला गेले, कारण ऑर्गन ऐकू आला.

चर्चमध्ये मी लक्ष देत नाही, इकडंतिकडं बघते, शाळेतही तेच करायचे. खांबाला हात लावला तर गार लागेना. म्हणजे संगमरवर नाहीच, गिलावा घोटून रंगवलाय. डाव्या हाताला, उत्तरेच्या भिंतीशी, काचेच्या पेटीत एक संत आडवा पडलाय, नुसती हाडं, पण अंगात जरीचा झगा आणि डोळ्यांच्या खोबणीत लाल खडे. वर छतावर अख्खा स्वर्ग रंगवलेला, ढगांवर ढग, देवदूतांच्या मांड्या, आणि बरोबर मधोमध एक खरंखुरं गोल भोक. त्यावर सोनेरी सूर्याचं झाकण. आमच्या तिरोलकडं असं भोक फार ठिकाणी बुजवून टाकलं. इथं अजून वापरात आहे. येत्या गुरुवारी, स्वर्गारोहणाच्या सणाला, प्रभूची लाकडी मूर्ती दोरानं त्यातून वर ओढायची. वर जाताना शेवटी त्याचा मुखडा ज्या बाजूला वळेल, त्या बाजूनं वर्षभराची वादळं यायची.

हे सगळं मिस्सानंतर गावच्या खाणावळीत ऐकलं. सूप छान होतं, धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं. शेजारच्या टेबलावर व्योगेरर नावाचा जाड शेतकरी बसला होता. मठाच्या पूर्वेची सगळी जमीन त्याची. तो एका बाईची थट्टा करत होता.

"गेर्लिंडे, गुरुवारी छत्री आण गं. प्रभू बघतोय तुझ्याकडंच."

"तुझ्याकडं कशाला बघेल," बाई म्हणाली, "तुला बघून तोही जेवण सोडेल."

सगळे हसले. पन्नाशीची असेल, रुंद खांद्यांची, हिरवी हॅट. माझ्या खिडकीतलं ते घर तिचंच! ऑर्गनच्या बाजूला, पश्चिमेला, तिच्याशिवाय दुसरं कुणी राहतच नाही. आणि गेली तीन वर्षं मूर्तीचा मुखडा ऑर्गनच्याच बाजूला वळतोय. त्यातली दोन वर्षं गारा पडल्या. कोवळी फळं झोडपून गेली, कोठाराची कौलं फुटली.

हसणं विरायच्या आत ती उठून उभी राहिली.

"ऐका सगळ्यांनी. ह्या गुरुवारीही तो माझ्या घराकडं बघत गेला, तर मी विकते. घर, झाडं, सगळं. व्योगेरर, तू विचारत असतोस ना? कागद तयार ठेव."

एक म्हातारी छातीवर क्रूसाची खूण करायला लागली. व्योगेररचं तोंड उघडं ते उघडंच. बाई मात्र खाली बसली, उरलेलं सूप संपवलं आणि आणखी पाव मागितला. काय ती छाती! आतून कोसळत असणार आणि वर एक सुरकुती नाही. मला भरून आलं.

निघताना तीच माझ्याजवळ थांबली.

"ती चालत फिरणारी पोरगी तूच ना? ट्रिएस्टला गेलीस का कधी?"

"गेलेय."

"समुद्र दारापर्यंत येतो म्हणतात."

"दारापर्यंत नाही. चौकापर्यंत येतो."

"चौकापर्यंत," ती म्हणाली. "बरं."

दुःखात माणूस काहीही विचारतं.


सोमवार, ६ मे

सकाळी शेतांतून मिरवणूक. सणाआधीचे हे तीन दिवस पिकासाठी प्रार्थना म्हणत शिवारभर फिरायचं असतं. पुढं क्रूस, मागं आम्ही, गवताचं दव बुटांत. "गारांपासून, विजेपासून," फादर म्हणायचे, आणि आम्ही, "सोडव आम्हांला, प्रभू." गेर्लिंडेबाई माझ्या शेजारीच होत्या. गारांचं नाव आलं की त्यांचे ओठ मिटायचे. भीतीनं शब्द फुटत नसणार.

दुपारी ग्रंथालय बघायला म्हणून निघाले आणि भलतीकडंच पोचले. ह्या मठात रंगवलेली दारं फार. इकडं खरं दार असलं की तिकडं जोडीला भिंतीवर त्याच्यासारखं खोटं दार काढायचं, शोभा सारखी राहावी म्हणून. असंच एक खोटं दार गंमत म्हणून ढकललं, तर ते उघडलं. आत अंधारा लाकडी जिना आणि जिन्यात एक म्हातारे ब्रदर बसलेले.

"वर चाललीस की खाली?" त्यांनी विचारलं.

"चुकलेय."

"मग बस. मीही मध्येच आहे. गुडघा वर नेईना, खाली सोडेना."

हे ब्रदर कोलोमान. दर वर्षी मूर्ती वर ओढायचं काम त्यांचं. मठात उरलेत सहा जण. त्यातल्या फादर आमांडना स्टुलावर चढलं तरी गरगरतं, आणि बाकीचे एकतर फार जाड नाहीतर फार म्हातारे. वरच्या फळ्या अरुंद आहेत.

"तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"हिवाळ्यात स्कीच्या लिफ्टवर. उन्हाळ्यात कुठंही."

"लिफ्ट म्हणजे दोरच ना?"

"तारेचा."

"दोर तो दोर," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. खाली जातील असं मला वाटलं होतं, ते वर निघाले. एकेक पायरी म्हणजे एकेक शिवी, पण सगळ्या लॅटिनमध्ये, त्यामुळे चालत असावं.

वर माळ्यावर मी स्वर्गाची पाठ बघितली. खालून जे ढग आणि देवदूत, ते वरून नुसते गिलाव्याचे ओबडधोबड उंचवटे, कामट्या, गवत, कबुतरांची घाण. मधे झाकणाचं भोक, त्यावर कप्पी आणि शेजारी लाकडी रहाट. मला हसू आलं, मग का कोण जाणे मी हळू बोलायला लागले.

ब्रदरनी रीत सांगितली. रहाट सावकाश फिरवायचा. मूर्तीच्या हातातल्या झेंड्याचं टोक भोकाच्या कडेला आलं की थांबायचं. खाली घंटा होते, सगळे माना खाली घालून 'हे आमच्या पित्या' म्हणतात. तेवढ्यात मूर्ती दोरावर आपली आपण वळते आणि स्थिर होते. प्रार्थना संपली की लोक वर बघतात, मुखडा कुठं आहे ते पाहतात, मग तिला आत ओढून घ्यायचं.

"आणि एक," ते म्हणाले. "त्या वेळी हात लावायचा नाही. रहाटावरचा हात रहाटावर, दुसरा खिशात."

"मी कशाला लावीन?"

"सगळ्यांनाच वाटतं लावावा," ब्रदर म्हणाले.

तर गुरुवारी मी ओढणार. निघणं शुक्रवारी.


मंगळवार, ७ मे

ब्रदरच्या गुडघ्याला चोळायला बदकाची चरबी हवी होती, ती आणायला गेर्लिंडेबाईंकडं गेले. खरं म्हणजे फादर दुसऱ्या कुणाला पाठवत होते, मी मधे पडले. ते घर जवळून बघायचं होतं.

चारी बाजूंनी घर, मधे अंगण, अंगणात विहीर. आत गेल्यावर बाहेरचं जग बंद होतं. मला अशा ठिकाणी झोपच लागेल, वर्षभराची. मी तसं म्हटलंही.

"लागते," त्या म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे. आणि मला अहो-जाहो करू नकोस. गेर्लिंडे म्हण."

मोस्टचे दोन पेले भरले आणि इथल्या रीतीप्रमाणं एकमेकींना नावानं हाक मारून प्यालो. मोस्ट म्हणजे इथली नाशपातीची आंबट दारू, तिच्याच झाडांची, जीभ आकसून जाते. मी वाहवा केली. ती म्हणाली, "मला आता वासही येत नाही. केसांतच असतो."

स्वयंपाकघरात ताटल्या कागदात गुंडाळून खोक्यांत ठेवल्या होत्या.

"रंगकाम काढलंयस?"

"हं," ती म्हणाली.

जिन्याखाली एक नवी कोरी बॅग होती, अजून किमतीची चिठ्ठी लटकत होती. भाचीसाठी म्हणे. बिचारी, स्वतःवर असं संकट असताना भाचीचा विचार करते. मग मला विचारत बसली, रात्रीच्या गाडीत बसल्या बसल्या झोप येते का, एकट्या बाईनं खोली मागितली तर लोक काय म्हणतात, पायाला फोड आले तर काय लावायचं. मी सगळं सांगितलं, फोडांचं जरा जास्तच, कारण त्यात माझा अभ्यास आहे.

बाहेर येऊन मी एका झाडाला मिठी मारली. म्हणजे मारायचा प्रयत्न केला, हात पुरेनात.

"तू मार," गेर्लिंडे म्हणाली. "मी रोज बघते त्याला."

"ह्या वेळी नाही बघणार प्रभू इकडं. बघच तू," मी म्हणाले.

तिचा हात चरबीच्या बरणीच्या झाकणावर थांबला. "तुला काय माहीत?"

"मला वाटतं."

"वाटतं," ती म्हणाली, आणि झाकण इतकं घट्ट लावलं की संध्याकाळी ते उघडायला फादर आमांडना पक्कड आणावी लागली.

रमतगमत येऊन चर्चमध्ये डोकावले तर मूर्ती ठेवलेल्या कोपऱ्यात ती माझ्या आधीच पोचली होती, मेणबत्ती लावत होती. मी दिसू नये म्हणून मागं सरले. माणूस देवाकडं गयावया करत असताना बघू नये.


बुधवार, ८ मे

तालीम केली. मूर्तीऐवजी बटाट्यांचं पोतं, त्याला पुढच्या अंगाला माझा लाल रुमाल, म्हणजे तोच मुखडा. भोकाशी आलं, थांबवलं, पोतं सावकाश वळलं आणि रुमाल ऑर्गनकडं करून उभं राहिलं. पुन्हा केलं. पुन्हा ऑर्गन. कितीही वेळा करा.

ब्रदर कोलोमान खाली बाकावर पाय पसरून बघत होते. मी खाली पळत आले.

"हा दोर नवा आहे का?"

"जुना विरला म्हणून बदलला. तीनेक वर्षं झाली."

"मग पीळ आहे तो! दोराचा पीळ उलगडतो आणि पोतं तिकडंच वळतं. ह्यात प्रभूचं काय आहे? त्या बाईचं घर जाईल उद्या एका दोरापायी!"

ब्रदरनी नाक पुसलं.

"पिळात प्रभू नसतो असं कुणी सांगितलं तुला?"

"दोर बदला."

"उद्या सण आहे, पोरी. आणि बदलला, तर नवा दोर व्योगेररकडं तोंड करील. मग त्याच्यासाठी बदलायचा? मग गावासाठी? त्यापेक्षा हात खिशात बरा."

दुपारभर तण उपटलं. चुकून कांद्याची अर्धी ओळ उपटली. उत्तरेला मठाचं जंगल आहे. तिथं कुणी राहत नाही. झाडं आणि मागच्या बाजूला साधूंची थडगी. वादळ आलंच तर तिथं येऊन कुणाचं काय बिघडणार? सहज मनात आलं, म्हणून लिहिलं.


गुरुवार, ९ मे. स्वर्गारोहण

लावला. हात लावला.

सगळं क्रमानं लिहिते. दुपारी चर्च खचाखच भरलं. वेदीपुढं टेबलावर मूर्ती, अंगावर लाल शाल, हातात झेंडा, दोन्हीकडं मेणबत्त्या. मी वर एकटी. वरून माणसं म्हणजे टकलं, रुमाल आणि पिसं लावलेल्या हॅटी. फादर आमांडनी हूक अडकवला, कर्णे वाजले, मी रहाट फिरवायला लागले. मूर्ती वाटली त्यापेक्षा जड.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. कोरणाऱ्यानं त्याची मान वर केलीय. खालच्यांना शेवटी तळवेच दिसतात आणि पायांच्या बोटांवरूनच ते मुखडा कुठं ते ओळखतात. मुखडा दिसतो फक्त रहाटावरच्या माणसाला. तो सरळ माझ्याकडं बघत वर येत होता. गालावरचा रंग उडालेला, भुवई जरा तुटकी. मी रहाट फिरवत राहिले.

झेंड्याचं टोक कडेला आलं. थांबवलं. घंटा झाली आणि खाली सगळी डोकी एकदम लवली, वाऱ्यानं गहू लवावा तशी. मधे कुठंतरी कुणीतरी एक जण वर बघत होतं असं वाटलं, पण नीट बघायला सवड कुठं होती? तो वळायला लागला होता. ऑर्गनकडं. अगदी शांतपणे, ठरल्यासारखा. आणि थांबला.

खाली 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' चाललं होतं. मला त्या अंगणातली विहीर दिसली. खिशातला हात बाहेर आला, मी पालथी पडून भोकातून खांद्यापर्यंत तो खाली घातला, त्याचा खांदा धरला आणि वळवला. जरीवाल्या संताच्या बाजूला, उत्तरेला. दोर कुरकुरला. धरून ठेवला 'वाइटापासून सोडव'पर्यंत, मग हात काढला आणि पीळ उलटायच्या आत, 'आमेन' झाल्या झाल्या, रहाटाला हिसका दिला. खालून ओरड झाली, "जंगलाकडं! जंगलाकडं!" मी त्याला आत घेतला आणि रीतीप्रमाणं भोकातून टोपलीभर फुलांच्या पाकळ्या आणि पापडासारख्या गोल पातळ चकत्या खाली ओतल्या. पोरं किंचाळत धावली.

खाली उतरले तेव्हा गेर्लिंडे बाकावर तशीच बसली होती आणि रडत होती. आजूबाजूच्या बाया तिची पाठ थोपटत होत्या. मी गर्दीतून घुसले आणि तिच्या गळ्यात पडले.

"सुटलीस!"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातांकडं.

"हो," ती म्हणाली. "सुटले."

आनंदानं माणसं अशीच रडतात. मला आज कधी नव्हे इतकं बरं वाटतंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी घर वाचवलं.


शुक्रवार, १० मे

निघायचं होतं. बुटाचा तळवा सुटलाय, गावातल्या चांभाराकडं दिला.

जेवताना ब्रदर कोलोमाननी विचारलं, "हात खिशात होता?"

"होता," मी म्हणाले.

त्यांनी त्यांच्या ताटातला एक मैद्याचा लाडू, म्हणजे रश्शात शिजवलेला पिठाचा गोळा, माझ्या ताटात टाकला. मी ताटाकडं बघतच तो खाल्ला.


रविवार, १२ मे

मिस्साच्या आधी मी वाफ्यात होते. गेर्लिंडे कुंपणाशी येऊन उभी राहिली. हिरवी हॅट, सणाचे कपडे.

"हात तुझाच होता ना?"

माझ्या हातातलं खुरपं तिथंच राहिलं.

"सगळ्यांच्या माना खाली होत्या," ती म्हणाली. "माझी नव्हती. दर वर्षी मी डोळे उघडते तेव्हा त्याचं होऊन गेलेलं असतं. ह्या वेळी म्हटलं, वळताना बघायचा. आणि वळला, बुर्गी. माझ्याकडं वळला. इतकं हलकं वाटलं की मी पुढचं बाक धरलं. आणि मग वरून एक हात आला."

"मी तुझ्यासाठीच... तुझं घर..."

"तुला ते घर फार आवडलं ना?"

"कुणाला नाही आवडणार?"

"मला," गेर्लिंडे म्हणाली.

मग ती तिथंच कुंपणाच्या दगडावर बसली आणि बोलली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. वडील जायच्या आधी सगळ्या गावासमोर म्हणाले होते, गेर्लिंडे आहे तोवर झाडं आहेत. ती तेव्हा विशीत होती. बहीण लग्न करून ग्राझला गेली, ही राहिली. "नाशपाती कधी वेचलीस? झाडावरून काढायची नसते ती, खाली पडलेली वेचायची. वाकून. दर शरद ऋतूत, सगळी. गारा पडल्या तेव्हा मी दारात उभी राहून रडले. लोकांनी सांत्वन केलं. मी रडत होते, कारण मला वाटलं आता तरी कुणीतरी म्हणेल, जा बाई. कुणी म्हटलं नाही. म्हटले काय? गेर्लिंडे खमकी आहे."

"मग तुझी तू जायचंस."

"कंटाळा आला म्हणून? असं ह्या गावात कुणी गेलंय का? तू जातेस, तुझं बरंय. तुला कुणी थांब म्हटलेलं नाही."

हे लागलं. पण ती लागावं म्हणून बोलली नव्हती.

"देवानं जा म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर कुणाची टाप होती? म्हणून तर चारचौघांत बोलले. बॅगसुद्धा आणून ठेवली."

"भाचीची?"

"मला भाची नाही गं."

मला रडायला यायला लागलं. म्हटलं, मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते, तो तुझ्याकडंच वळला होता, मी हात घातला. मला हाकलतील, हाकलू देत, मला सवय आहे. मी उठलेही. तिनं माझी बाही धरली. धरली आणि सोडलीच नाही, नुसती मठाकडं बघत राहिली. मिस्साची घंटा व्हायला लागली.

"नको," ती म्हणाली. "थांब. तू सांगितलंस की मी पुन्हा दुसऱ्याच्याच नावावर जाणार. वडिलांच्या नावावर राहिले, प्रभूच्या नावावर जाणार." आणि एकदम हसली. "पन्नाशी उलटली माझी, बुर्गी."

मिस्सानंतर तिनं मला खाणावळीत बरोबर नेलं. माझा हात धरला होता. व्योगेरर सूप पीत होता.

"कागद आणलायस?" तिनं विचारलं.

"कसला कागद?" तो म्हणाला. "तो तर जंगलाकडं बघत गेला."

"गेला ना. बघितलं मी."

"मग?"

"मग काही नाही. मला जायचंय, म्हणून मी जातेय."

चुलीवर पातेल्याचं झाकण वाजत होतं. ती गेल्या रविवारची म्हातारी म्हणाली, "आणि झाडं?"

"ती कुठं जाताहेत, आजी?"

"लोक काय म्हणतील?"

"तूच म्हणशील, आणि आत्ताच म्हणून घे. मी आहे तोवर उत्तर तरी देईन."

म्हातारीनं चमचा खाली ठेवला. मग कुणाकडंच न बघता म्हणाली, "मलाही व्हिएन्नाला जायचं होतं. नोकरी लागली होती मला, टपालात." आणि सूप पुढं ढकलून बाहेर निघून गेली. गेर्लिंडेनं खुर्ची ओढली. ह्या वेळी तिच्या चमच्यातलं सूप सांडलं.


सोमवार, १३ मे

ब्रदर कोलोमानना खरं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते गुडघा चोळत राहिले.

"कुणीकडं वळवलास?"

"जंगलाकडं. थडग्यांकडं."

"म्हणजे आमच्याकडं," ते म्हणाले. "बरं झालं. तिथल्यांना गारांचं भय नाही." आणि मग, "खोटं बोललीस ते मात्र वाईट. लाडू परत दे."

"तो खाल्ला."

"मग पुढच्या वर्षी येऊन हात न लावता ओढून दाखव."

पुढच्या वर्षी मी कुठं असेन मला काय ठाऊक. तसं म्हटलं नाही. हो म्हटलं.


बुधवार, १५ मे

गेर्लिंडे सकाळच्या बसनं गेली. बॅग घरीच ठेवली, माझी जुनी पाठपिशवी मागून घेतली. नव्या माणसांसारखीच भरली होती, जड सगळं बाहेरच्या अंगाला. मी उपसून पुन्हा भरली, पट्टे आवळले. बसमध्ये चढताना हॅट अडकली, ती तिनं काढून माझ्या डोक्यावर ठेवली. खिडकीतून मागं बघेल असं वाटलं होतं. नाही बघितलं.

ती असं घर सोडून गेली कशी, मला अजून कळत नाही. कारण सांगितलं ते कळलं, पण कशी ते नाही.

मीही आज निघणार होते. पण पाठपिशवी तिला दिली आणि नवी शिवायला चांभाराला शनिवारपर्यंत वेळ लागेल. शिवाय व्योगेररची खरेदीची कागदपत्रं व्हायला महिने जातील, तोवर घरात कुणीतरी हवंय, बदकं आहेत. शरदापर्यंत राहतेस का म्हणाला. मी स्पष्ट नाही म्हटलं. म्हणजे, शनिवारपर्यंत हो म्हटलं. मंगळवारी ब्रदर नवा दोर आणायला जाणार आहेत, त्यांना एकट्यानं उचलणार नाही. मग बुधवारी बघू.

आज संत सोफीचा, इथल्या भाषेत थंडीच्या सोफीचा, दिवस, मे महिन्यातली शेवटची गारठ्याची रात्र असते म्हणतात. संध्याकाळपासूनच गवत करकरीत लागतंय आणि झाडांवर वाटाण्याएवढी फळं आहेत. ती गारठून जाऊ नयेत म्हणून ओलं गवत जाळून झाडांखाली धूर धरायला हवा. माझी झाडं नाहीत ती, पण आज इथं दुसरं कुणी नाही.